वडिलांच्या सीटी स्कॅनमध्ये डोळ्यांभोवती कॅल्शियमचे ठिपके आढळले आहेत, त्याचा अर्थ काय घ्यावा?

पाऊलवाट

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. दोन आठवड्यांपूर्वी जिना उतरताना त्यांचा तोल गेला आणि कपाळावर मार बसला. शुद्ध हरपली नव्हती, परंतु ते रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेत असल्यामुळे डॉक्टरांनी लगेच डोक्याचा सीटी स्कॅन करून घेतला. मेंदूत रक्तस्राव नाही आणि हाडही मोडलेले नाही, एवढे ऐकून आम्ही घरी परतलो. लेखी अहवाल दुसऱ्या दिवशी हाती आला, आणि त्याच्या शेवटच्या परिच्छेदात पुढील मजकूर होता: ‘दोन्ही नेत्रकक्षांच्या वरच्या व आतल्या भागात बिंदूवत कॅल्सिफिकेशन. दोन्ही नेत्रगोलांच्या भित्तीवर, नाकाकडील बाजूस, लहान चपटे कॅल्सिफिकेशन. उजव्या डोळ्यात कृत्रिम भिंग. या बाबी योगायोगाने आढळल्या आहेत. आवश्यक वाटल्यास नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’

उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे भिंगाचा उल्लेख समजला. बाकीचे समजले नाही. डोळ्यांविषयी त्यांची कोणतीही तक्रार नाही. चष्मा लावून ते रोज वर्तमानपत्र वाचतात, दुहेरी दिसत नाही, डोळा दुखत नाही.

माझ्या मनात तीन शंका आहेत. पहिली अशी की हाडांच्या ठिसूळपणासाठी ते गेली चार वर्षे कॅल्शियमच्या गोळ्या घेत आहेत. तेच कॅल्शियम डोळ्यांत साचले असेल का, आणि गोळ्या बंद कराव्यात का? दुसरी, ‘आवश्यक वाटल्यास’ हे ठरवायचे कोणी? आणि तिसरी शंका मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. वडिलांनी उमेदीची तीस वर्षे लेथ मशिनवर काम केले आहे, आणि त्या काळात दोन वेळा डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागला होता. पुढच्या आठवड्यात कंबरेचा एमआरआय ठरलेला आहे. तिथल्या अर्जात ‘डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का’ असा प्रश्न आहे. आम्ही खरे उत्तर लिहिले, सोबत हा अहवाल दाखवला, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी एमआरआय थांबवला. हे ठिपके कॅल्शियमचेच आहेत, लोखंडाचे नाहीत, हे खात्रीने कसे समजते?

क्षकिरण

मी रेडिऑलॉजिस्ट आहे आणि असे अहवाल मी स्वतः वारंवार लिहितो, म्हणून सविस्तर उत्तर देतो. स्कॅन मी पाहिलेला नाही, त्यामुळे अंतिम निर्णय तुमच्या रेडिऑलॉजिस्टचाच राहील, ही मर्यादा लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

डोळ्याभोवतीच्या कॅल्शियमबाबत पहिला प्रश्न ‘किती आहे’ हा नसून ‘नेमके कुठे आहे’ हा असतो. तुमच्या अहवालात जागा व्यवस्थित नोंदवलेली आहे आणि ती वाचताच बराचसा उलगडा होतो. डोळ्याच्या खोबणीत, म्हणजे नेत्रकक्षेत, वर, नाकाच्या बाजूला, कडेच्या हाडाला लागून कूर्चेची एक छोटी कप्पी असते. तिला ट्रॉक्लिया म्हणतात. डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी एकाचा दोर या कप्पीतून वळून नेत्रगोलाकडे जातो, आणि त्या स्नायूला चालवणाऱ्या मेंदूच्या चौथ्या नसेला ट्रॉक्लियर नर्व्ह हे नावही या कप्पीवरूनच मिळाले आहे. डोळा आयुष्यभर फिरत असतो आणि दोर त्या कूर्चेवर घासत राहतो. वय वाढते तशी बरगड्यांच्या कूर्चेत किंवा स्वरयंत्राच्या कूर्चेत जसे कॅल्शियम धरते, तसेच ते इथेही धरते. सीटीवर ते ठिपक्यासारखे, स्वल्पविरामासारखे किंवा उलट्या नालेसारखे दिसते. ते कधी एकाच बाजूला असते, कधी दोन्ही बाजूंना. एखाद्याच्या डोळ्याच्या हालचाली उत्तम असतात आणि तरीही कप्पीत कॅल्शियम असते. उतारवयात हे इतके सामान्य आहे की कित्येक अहवालांत त्याचा उल्लेखही केला जात नाही.

दुसरी नोंद नेत्रगोलाच्या भित्तीवरच्या चपट्या कॅल्शियमची आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला, म्हणजे श्वेतपटलाला, आतल्या आणि बाहेरच्या बाजूने एकेक स्नायू जोडलेला असतो. त्या जोडाच्या किंचित पुढे, साधारणपणे सत्तरीनंतर, श्वेतपटलात कॅल्शियमची पातळ चकती तयार होते. तिला वार्धक्यातील स्क्लेरल प्लाक म्हणतात. तिचा दृष्टीशी काहीही संबंध नसतो आणि तिला उपचारही लागत नाहीत. स्कॅनवर जागा ओळखण्याची खूण अशी की ती नेत्रगोलाच्या पुढच्या अर्ध्या भागात, आडव्या रेषेवर असते. हीच चकती डोळ्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीची नस डोळ्याला जिथे जोडलेली असते त्या नसेच्या मुखाशी, किंवा पडद्यामागे असती, तर माझे उत्तर निराळे झाले असते.

आता लोखंडाविषयी. सीटीमधील प्रत्येक बिंदूला घनतेचा एक आकडा असतो. या तंत्राचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड, ज्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांचे नाव या एककाला दिलेले आहे. पाणी शून्यावर असते, हवा उणे हजारावर असते, कॅल्शियम बहुधा काही शेकड्यांत असते आणि धातू त्याच्या कितीतरी पुढे, हजारांत असतो. शिवाय धातूच्या कणाभोवती चांदणीसारख्या काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात, तशा त्या कॅल्शियमभोवती उमटत नाहीत. दोन्ही डोळ्यांत, एकाच शरीररचनात्मक जागी, आरशातल्या प्रतिमेप्रमाणे सारखे दिसणारे ठिपके लेथवरून उडालेल्या कणांचे असण्याची शक्यता फारच कमी असते.

तरीही इथे एक अडचण आहे, आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. डोक्याच्या साध्या सीटीमध्ये तपासणीसाठी वापरलेले छेद, म्हणजे प्रतिमेचे आडवे काप, पुष्कळदा पाच मिलिमीटर जाडीचे असतात. अर्ध्या मिलिमीटरचा धातूचा कण अशा जाड छेदात आला, तर त्याची घनता भोवतालच्या मऊ भागात मिसळून सरासरी निघते आणि तो कॅल्शियमसारखा किंवा त्याहूनही फिका दिसू शकतो. कधी तो नजरेतून सुटूही शकतो. म्हणून सर्वांत उपयुक्त आणि रुग्णाला कोणताही त्रास न देणारी गोष्ट अशी की, ज्या ठिकाणी स्कॅन झाला तिथे जाऊन त्याच स्कॅनमधून डोळ्यांच्या भागाचे एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेद पुन्हा तयार करून पाहण्याची विनंती करावी. त्यासाठी पुन्हा किरण घ्यावे लागत नाहीत. मूळ नोंद मात्र यंत्रातून काही दिवसांनी पुसली जाते, त्यामुळे हे काम आजच करावे. पातळ छेद पाहून ‘नेत्रकक्षांत धातूचा कण आढळला नाही’ असे एक वाक्य असलेला पुरवणी अहवाल मागून घ्या. एमआरआय विभागाला नेमके तेच वाक्य हवे असते.

कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका. झिजलेल्या किंवा जुन्या झालेल्या ऊतीत कॅल्शियम धरणे ही स्थानिक घटना असते, आणि त्या वेळी रक्तातील कॅल्शियम सामान्य असते. रक्तातील कॅल्शियम किंवा फॉस्फरस वाढल्यामुळे ते शरीरभर साचणे ही वेगळी प्रक्रिया आहे, आणि तुमच्या अहवालातील जागा तिकडे बोट दाखवत नाहीत.

बकुळ

वरचे उत्तर वाचून फार बरे वाटले, परंतु ‘योगायोगाने आढळले’ या शब्दांची दुसरी बाजूही नोंदवावीशी वाटते, कारण माझ्या बाबतीत अशीच एक ओळ कोणीही न वाचल्यामुळे मला नऊ दिवस विनाकारण रुग्णालयात राहावे लागले.

मी २६ वर्षांची असताना डोकेदुखीसाठी डोळे तपासायला गेले होते. डॉक्टरांना दोन्ही डोळ्यांच्या नसेच्या मुखाच्या कडा पुसट आणि उंचावलेल्या दिसल्या. मेंदूतील दाब वाढल्याने नसेला सूज येते, हे तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मला त्याच दिवशी दाखल करून घेतले गेले. एमआरआय झाला, तो सामान्य आला. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढून दाब मोजला, तोही सामान्य आला. त्यानंतर दोन दिवस मला उठून बसले की असह्य डोके दुखायचे. आणखी तपासण्या ठरत असताना एका तरुण निवासी डॉक्टरांनी माझी जुनी कागदपत्रे मागवली. त्यांत दोन वर्षांपूर्वी सायनसच्या त्रासासाठी केलेल्या सीटीचा अहवाल होता आणि त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिले होते की दोन्ही नेत्रगोलांच्या मागील बाजूस, नसेच्या मुखाशी, बिंदूवत कॅल्सिफिकेशन आहे.

ते ऑप्टिक डिस्क ड्रूजेन होते. नसेच्या मुखाशी साठलेले हे छोटे, कॅल्शियमयुक्त खडे असतात, आणि ते आत पुरलेले असले की नसेचे मुख सुजल्यासारखे दिसते. शंभरांत सुमारे दोन व्यक्तींमध्ये ते असू शकतात, बहुतेकांत दोन्ही डोळ्यांत असतात आणि पुष्कळदा एकाच कुटुंबात आढळतात. त्याच संध्याकाळी डोळ्याची साधी सोनोग्राफी झाली आणि पापणीवर प्रोब ठेवल्यानंतर दोन मिनिटांत पडद्यावर दोन चमकदार ठिपके आणि त्यांच्यामागे पडलेली सावली मला स्वतःला दिसली. मशिनची संवेदनशीलता कमी केली तेव्हा बाकीचे सारे विझून गेले, पण ते ठिपके तसेच चमकत राहिले. एमआरआयमध्ये ते दिसले नव्हते, कारण एमआरआयला एवढे लहान कॅल्शियम नीट दिसत नाही.

माझी कोणाविषयीही तक्रार नाही. सूज खरी असती, तर झालेली प्रत्येक तपासणी आवश्यकच होती. मला एवढेच सांगायचे आहे की अशा ओळीवर सध्या काही करायचे नसले, तरी ती जपून ठेवायची असते. पाऊलवाट, तुमच्या वडिलांच्या अहवालाची प्रत डोळ्यांच्या कागदपत्रांत लावून ठेवा. पुढे कधी कोणी घाईत डोळ्याभोवतीचे तेच ठिपके पाहिले, तर ते आधीपासूनचे आहेत हे एका कागदाने सिद्ध होईल.

नेत्रांजन

मी नेत्रतज्ज्ञ आहे. क्षकिरण यांनी लिहिलेले बहुतेक सर्व मला मान्य आहे, आणि बकुळ यांच्या अनुभवाला थोडी पुस्ती जोडतो. ड्रूजेन सापडले म्हणजे खरी सूज नाही असे गृहीत धरता येत नाही. क्वचित दोन्ही एकाच व्यक्तीत असतात. म्हणून डोकेदुखीची पद्धत बदलली, क्षणभर अंधारी येऊ लागली किंवा कानात नाडीसारखा आवाज येऊ लागला, तर ‘मला तर ड्रूजेन आहेत’ असे म्हणून थांबू नये. ड्रूजेन असलेल्यांची मधली, वाचायची दृष्टी सहसा चांगली राहते, परंतु कडेचे दृष्टिक्षेत्र, विशेषतः नाकाकडील खालचा भाग, हळूहळू कमी होऊ शकतो आणि व्यक्तीला ते जाणवतही नाही. त्यामुळे दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि ओसीटी या प्रकाशकिरणांच्या स्कॅनने नसेच्या तंतूंची जाडी मोजणे हे ठरावीक अंतराने करत राहावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘आवश्यक वाटल्यास’ या शब्दांविषयी मी क्षकिरण यांच्यापेक्षा थोडा कडक आहे. माझ्या मते अशा प्रत्येक व्यक्तीने एकदा तरी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून, डोळ्याचा मागचा भाग तपासून घ्यावा. अहवालातील कॅल्शियमची भीती हे त्याचे कारण नाही. स्कॅन हा डोळ्याचा फार ढोबळ नकाशा असतो, आणि जाड छेदात ‘भित्तीवर पुढच्या बाजूस’ आणि ‘भित्तीवर थोडे मागे’ यांतला फरक दोन-तीन मिलिमीटरचा असतो. थेंब घालून केलेली तपासणी हा फरक वीस मिनिटांत निकाली काढते.

मागच्या बाजूस असलेल्या कॅल्शियमची दोन कारणे आम्हांला वेगळी काढावी लागतात. वृद्धांत पडद्याच्या वरच्या-बाहेरच्या बाजूला पिवळसर-पांढरे उंचवटे दिसतात, त्यांना स्क्लेरोकोरॉइडल कॅल्सिफिकेशन म्हणतात. बहुतेकांत त्याचे कारण सापडत नाही आणि दृष्टीही बिघडत नाही, परंतु काहींमध्ये रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील असतात, किंवा मूत्रपिंडातून क्षार वाया जाण्याचे गिटेलमन आणि बार्टर यांच्या नावाने ओळखले जाणारे विकार असतात. म्हणून अशा रुग्णात रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉइड संप्रेरक एकदा तपासतात. मधुमेहाचेही असेच आहे. ट्रॉक्लियाचे कॅल्सिफिकेशन सत्तरीत दिसले तर मी काहीच करत नाही, पण चाळिशीच्या आतील व्यक्तीत दिसले तर रक्तातील साखर तपासायला सांगतो, कारण तरुण वयात त्याचे मधुमेहाशी नाते असल्याचे वर्णन आहे आणि ती तपासणी अगदी सोपी आहे.

दुसरे कारण म्हणजे कोरॉइडल ऑस्टिओमा. पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात, नसेच्या मुखाजवळ, खरेखुरे हाड तयार होते. हे प्रामुख्याने विशी-तिशीतील स्त्रियांत दिसते आणि डोनाल्ड गॅस यांनी १९७८ साली या गाठीची स्वतंत्र ओळख करून दिली. गाठ कर्करोगाची नसते, परंतु तिच्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढून रक्तस्राव झाला तर मधली दृष्टी जाऊ शकते, आणि त्यावर वेळेत इंजेक्शनचे उपचार करता येतात. योगायोगाने सापडलेली गोष्ट असूनही इथे नियमित पाठपुरावा लागतो.

नेत्रगोलाच्या बाहेरही दोन जागा मी दुर्लक्षित करू देत नाही. नसेच्या दोन्ही बाजूंना, रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर रेषांत कॅल्शियम दिसले, तर नसेच्या आवरणातील मेनिन्जिओमाचा, म्हणजे त्या आवरणातूनच वाढणाऱ्या गाठीचा, विचार करून कॉन्ट्रास्टसह एमआरआय करावा लागतो. हा आजार मध्यमवयीन स्त्रियांत अधिक असतो आणि त्यात न दुखता, सावकाश दृष्टी कमी होते. दुसरी जागा अश्रुग्रंथीची, म्हणजे खोबणीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्याची. तिथे गाठ, दुखणे आणि कॅल्शियम एकत्र असतील तर घातक गाठीची शंका घेऊनच पुढे जायचे असते. आतली जागा कप्पीची आणि बाहेरची जागा ग्रंथीची. चार सेंटिमीटरच्या खोबणीत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेले की अर्थ इतका बदलतो. याउलट, खोबणीत गोल, कांद्यासारखे थर असलेला खडा दिसला आणि खाली वाकल्यावर डोळा पुढे येत असेल, तर ती फुगलेली शीर असते आणि तिच्यात गोठलेल्या रक्तावर कॅल्शियम चढलेले असते.

वाटसरू

धागा फार उपयुक्त आहे. एकच विचारायचे आहे. लहान मुलांच्या स्कॅनमध्ये डोळ्यात कॅल्शियम दिसले, तर तेही असेच निरुपद्रवी समजावे का?

नेत्रांजन

नाही, आणि हे मला अगदी ठामपणे लिहायचे आहे. पाच वर्षांखालील मुलाच्या नेत्रगोलाच्या आत गाठ आणि त्यात कॅल्शियम दिसले, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत तो रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कर्करोग, समजला जातो. या गाठीत पेशी वेगाने वाढतात, मधल्या भागाला रक्त पुरत नाही, त्या पेशी मरतात आणि तिथे कॅल्शियम धरते. म्हणून बहुसंख्य रेटिनोब्लास्टोमांत ते सापडते. मुलांच्या डोळ्यात कॅल्शियमची इतर कारणे असतात, उदाहरणार्थ ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातील पडद्यावरची सौम्य गाठ किंवा जुन्या इजेने आक्रसलेला डोळा, पण ती ठरवण्याचे काम या विषयातील तज्ज्ञाने काही दिवसांत करायचे असते, काही महिन्यांत नव्हे. वेळेत निदान झाले तर मुलाचा जीव बहुधा वाचतो आणि पुष्कळदा डोळाही वाचतो.

फ्लॅशने काढलेल्या छायाचित्रात बाहुली लाल न दिसता पांढरी दिसणे, किंवा नव्याने आलेला तिरळेपणा, ही पालकांना दिसणारी पहिली खूण असते. आज निदानासाठी सीटीऐवजी सोनोग्राफी आणि एमआरआय वापरतात, कारण आरबी१ या जनुकातील दोष जन्मतः असलेल्या मुलांमध्ये किरणांमुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. अशा डोळ्यात सुई घालून तुकडाही काढत नाहीत, कारण त्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. त्यामुळे वर आम्ही दिलेला दिलासा प्रौढांपुरता आहे, आणि तोही जागा निश्चित झाल्यानंतरचा.

क्षकिरण

नेत्रांजन यांचा कडकपणा मला मान्य आहे. माझा आक्षेप फक्त ‘प्रत्येक’ या शब्दाला आहे. पातळ छेदांत ट्रॉक्लियाची जागा निःसंशय असेल, वय सत्तरीच्या पुढे असेल आणि व्यक्तीची डोळ्यांची तपासणी अलीकडेच झालेली असेल, तर केवळ त्या ठिपक्यासाठी नव्याने पाठवण्यात मला रुग्णाचा लाभ दिसत नाही. उलट आपण ‘सल्ला घ्यावा’ असे सरसकट लिहीत गेलो, तर ज्या अहवालात ते खरोखर महत्त्वाचे असते तिथेही ते वाचले जात नाही, आणि बकुळ यांचा अनुभव त्याचेच उदाहरण आहे. आम्ही रेडिऑलॉजिस्टांनी या ठिकाणी जागेचे नाव लिहिले पाहिजे. ‘नेत्रकक्षेत कॅल्सिफिकेशन’ याऐवजी ‘ट्रॉक्लियाचे कॅल्सिफिकेशन, वयानुरूप’ असे लिहिले असते, तर पाऊलवाट यांना आठवडाभर झोप लागली असती.

एमआरआयच्या प्रश्नावर एक गोष्ट सांगायची राहिली. तुमचा एमआरआय थांबवणाऱ्या कर्मचाऱ्यांनी योग्यच केले. डोळ्यातील लोखंडाचा कण चुंबकीय क्षेत्रात हलू शकतो आणि आतल्या आत पडदा किंवा रक्तवाहिनी फाडू शकतो. १९८६ साली पत्र्याच्या कामाची पार्श्वभूमी असलेल्या एका रुग्णाच्या बाबतीत एमआरआयनंतर असाच रक्तस्राव होऊन त्या डोळ्याची दृष्टी गेल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून हा प्रश्न अर्जात विचारला जातो. पूर्वी ‘कण काढला होता’ एवढी आठवण पुरेशी धरत नाहीत, कारण वरचा कण निघतो आणि सोबतचा दुसरा खोल गेलेला असू शकतो. मात्र डोळ्यांचा भाग समाविष्ट असलेला सीटी अपघातानंतर झालेला असल्यामुळे वेगळा एक्स-रे काढण्याची गरज राहत नाही. आणि मोतीबिंदूनंतर बसवलेल्या भिंगाची काळजी करू नये; ती भिंगे ॲक्रिलिकसारख्या पदार्थाची असतात आणि एमआरआयमध्ये चालतात.

लाकडाच्या कामाचा इतिहास असता तर मी याहून सावध राहिलो असतो. कोरडे लाकूड सीटीमध्ये हवेसारखे काळे दिसते आणि हवेचा बुडबुडा म्हणून सहज सोडून दिले जाते. कॅल्शियमच्या मागे लागलेल्या नजरेला काळा ठिपका दिसत नाही, हे मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवतो, म्हणजे पुढे हा धागा वाचणाऱ्याला उपयोग होईल.

स्कॅन केला होता तिथे मी दुसऱ्याच दिवशी गेलो. मूळ नोंद अजून यंत्रात होती. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या भागाचे पातळ छेद तयार केले आणि मला शेजारी बसवून दाखवले. वरचे दोन ठिपके खरोखरच कप्पीच्या जागी होते, उजवीकडचा स्वल्पविरामासारखा आणि डावीकडचा त्याहून लहान. नेत्रगोलावरच्या चकत्या पुढच्या भागात, स्नायूंच्या जोडाजवळ होत्या. जाड छेदांत फक्त नाकाकडच्या दिसल्या होत्या. पातळ छेदांत उजव्या डोळ्याला कानाच्या बाजूलाही एक पुसट चकती निघाली. धातूचा कण कुठेही नाही असे पुरवणी अहवालात लिहून मिळाले, आणि त्या कागदावर एमआरआयची नवी तारीख मिळाली आहे.

थेंब घालून तपासणीही करून घेतली. पडदा आणि नस दोन्ही निरोगी आहेत. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी वडिलांना आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला पाहायला सांगितले आणि मला जवळ बोलावले. डोळ्याच्या पांढऱ्या भागात, बुबुळापासून थोड्या अंतरावर, राखाडी, अर्धपारदर्शक, साधारण चौकोनी असा डाग होता. तीच स्कॅनमधली चकती. तो डाग मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे आणि वयाने डोळा मळकट झाला असेल असे समजून मी त्याकडे कधी नीट पाहिले नव्हते.

कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. रक्ताचा अहवाल सामान्य आहे. दोन्ही अहवाल आणि नेत्रतज्ज्ञांचा कागद एकत्र करून वडिलांच्या मोतीबिंदूच्या कागदपत्रांसोबत लावून ठेवले आहेत.